दुपारपाळीची सुई

सुखदेव ढोकेच्या डोक्यात पहार घालणारा माणूस शांत होता, असं पाहणाऱ्या सगळ्यांनी पोलिसांना सांगितलं. शिवीगाळ नाही, आरडाओरडा नाही, जुनं वैरही नाही. नवेगावच्या उघड्या कोळसा खाणीत दुपारची पाळी चालू होती आणि पारा पन्नासला टेकला होता. सुखदेव धनराज बावणेला एवढंच म्हणाला, "जरा सरक ना बाप्पा." धनराजने हातातली पहार उचलली आणि त्याच्या टाळूवर मारली. सुखदेव कोसळला. धनराज वाकून मारतच राहिला, कोळशाचं ढेकूळ फोडावं तसा. चौघांनी त्याला मागे ओढलं तेव्हा त्याच्या अंगाचा चटका त्यांच्या तळहातांना बसला.

मजुरांमधलं खासगी भांडण, असं खाण कंपनीने जाहीर केलं.

प्रमिला नन्नावरेला हे बसमध्ये कळलं. ती चंद्रपूर-राजुरा फेरीवर कंडक्टर होती. तिचा नवरा गजानन त्याच पाळीत होता आणि उन्हात तगायला धनराजला टोचलेली सुई गजाननलाही टोचलेली होती. ती फेरी तिने कशीबशी पुरी केली.

या सुईला पुढे पैसा द्यायचा की नाही, हे ज्या बारा माणसांनी ठरवायचं होतं, त्यांत प्रमिला होती.

पूर्वी हे शास्त्रज्ञांच्या समित्या ठरवत. त्या समित्या आपल्याच शिष्यांना अनुदानं वाटतात हे उघडकीला आलं, गदारोळ झाला आणि सरकारने संशोधन पंचायतींचा कायदा आणला. मतदारयादीतून चिठ्ठ्या टाकून पंच निवडायचे, वर एक निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष. शास्त्रज्ञांनी पंचांसमोर येऊन आपलं काम समजावून सांगायचं. निर्णय पंचांचा. अट एकच होती, ज्याच्या घरातलं कुणी त्या प्रयोगात आहे त्याला पंच म्हणून बसता येत नाही.

हिवाळ्यात प्रमिलाची चिठ्ठी निघाली तेव्हा गजाननने सुई घेतली नव्हती. होळीनंतर घेतली. सुई घेतलेल्यांची नावं गुप्त होती. प्रमिलाला कुणी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. आपण तिथून उठलो, तर दुपारपाळीतल्या माणसाच्या घरातलं एकही तोंड त्या खोलीत उरणार नाही, असं तिला वाटायचं.

पंचायत चंद्रपूरच्या उष्णता संशोधन केंद्रात भरायची. सुई शोधणाऱ्या डॉक्टर नीरजा हर्डीकर घट्ट बांध्याच्या, तोलून बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी टेबलावर एक कच्चं आणि एक उकडलेलं अंडं फोडून ठेवलं.

"उकडलेलं अंडं पुन्हा पातळ होत नाही," त्या म्हणाल्या. "आपल्या पेशींमध्ये अशीच प्रथिनं असतात. विशिष्ट घडीत बसलेली. अंग फार तापलं की घडी विस्कटते आणि माणूस मरतो. पण पेशीत काही मदतनीस प्रथिनंही असतात. ती बाकीच्यांना धरून ठेवतात, घडी मोडू देत नाहीत. माझी सुई पेशींना सांगते की हे मदतनीस दसपट तयार करा. सुईचा परिणाम पूर्ण उन्हाळाभर टिकतो. गेल्या वर्षी दुपारी जे मजूर मेले असते ते यंदा काम करताहेत."

ते खरं होतं. दोन उन्हाळे दुपारी काम करायला बंदी होती. मजुरी अर्ध्यावर आली होती, आणि बंदी मोडून जे गुपचूप कामाला जात त्यांची प्रेतं संध्याकाळी यायची. यंदा सुई आली आणि दुपारपाळी परत सुरू झाली. हर्डीकरबाईंना आता विदर्भातल्या सगळ्या खाणी आणि वीटभट्ट्यांवर हा प्रयोग न्यायचा होता. निधी एकच होता आणि तो दुसऱ्या एका माणसानेही मागितला होता.

डॉक्टर समीर जुनघरे मेंदूचे डॉक्टर होते. वयाने तरुण, बोलताना अडखळायचे. त्यांनी भिंतीवर मेंदूचं चित्र लावलं.

"ही सुई स्नायूंत पोचते, हृदयात पोचते, यकृतात पोचते. मेंदूत पोचत नाही. मेंदूभोवती एक पहारा असतो, तो रक्तातलं सगळं आत सोडत नाही. म्हणजे अंगाला कवच आहे आणि डोकं उघडं आहे. पूर्वी एवढ्या तापात माणूस बेशुद्ध पडायचा. आता पडत नाही. आता तो उभा राहतो." त्यांनी कपाळावर बोट ठेवलं. "इथे माणसाचा ब्रेक असतो. हात उचलला तरी मारू नको, असं सांगणारा भाग. माझा अंदाज आहे की तो बंद पडतो. धनराज बावणेचं तेच झालं. मला दोन वर्षं द्या, मी सिद्ध करतो. तोवर सुई थांबवा."

"एका खुनावरून?" हर्डीकरबाई म्हणाल्या. "दोन वर्षांत ऊन किती खून करील ते सांगता?" मग पंचांकडे वळून म्हणाल्या, "स्पष्ट बोलते. हा वाद तुमच्यासमोर यावा हेच मला पटत नाही. विमान कसं चालवायचं यावर कुणी प्रवाशांचं मत घेत नाही."

"गाडी ड्रायव्हरच चालवतो, मॅडम," प्रमिला म्हणाली. "पण कोणत्या गावाला जायचं ते तिकीट काढणारा सांगतो."

काही पंच हसले. हर्डीकरबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी प्रमिलाकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

त्याच आठवड्यात एका दुपारी गजानन पाळी अर्धवट टाकून घरी आला. वीज गेली होती, कूलर बंद होता. प्रमिला सुट्टीवर होती, भाकरी थापत बसली होती.

"आज लवकर?" तिने विचारलं.

तो दारातून सरळ आला, तिचा गळा धरला आणि तिला भिंतीवर आपटलं. तिच्या डोक्यामागे काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला. तिने त्याच्या मनगटांत नखं रुतवली. त्याचे हात तव्यासारखे तापले होते. चेहरा रोजचाच होता, तोच दाढीचा खुंट आणि तेच डोळे, पण डोळ्यांत ती नव्हती. तिला अंधारी यायला लागली. तिने पाय झाडले तेव्हा दाराआड ठेवलेलं पाण्याचं पिंप लाथेने कलंडलं आणि दोघं त्या पाण्यात पडली. तिने त्याचं डोकं दोन्ही हातांनी खाली दाबलं. थोड्या वेळाने गळ्यावरची बोटं सुटली.

तो ओल्या फरशीवर बसून राहिला. तिला खोकल्याची उबळ आली, रक्त पडलं.

"मले राग नोता आला," गजानन म्हणाला. "तुले सांगतो प्रमिला, काहीच आलं नोतं मनात. मी तुले मारून रायलो हे मले दिसत होतं. हात थांबत नोता."

"सुई सोडा," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"सुटत नाही ते. अंगात गेलं, आता उन्हाळा सरेस्तोवर आहेच."

"मी पंचायतीत बंद करायला सांगते."

तेव्हा मात्र त्याने मान वर केली. "तसं नोको करू. सुई नोती तवा आमचा लहाना भाऊ वसंता माझ्या मांडीवर मेला. तोंडातून फेस, अंग लाकडासारखं. मी वाऱ्यावर धरून होतो त्याले. मले हे नोको वाटते, पण ऊन याच्याहून बेकार आहे. मले दुपारी बांधून ठेव. सुई बंद नोको करू."

त्या दिवसापासून तो पाळीवरून आला की स्वतःच अंगणातल्या नळाखाली बसायचा, आणि अंग निवेपर्यंत प्रमिला दाराला आतून कडी लावून घ्यायची. कडीच्या दोन बाजूंना बसून दोघं बोलायची. गळ्यावरचे काळे-निळे डाग झाकायला तिने ओढणी गुंडाळली. सगळं चंद्रपूर तोंडाला फडकं बांधून फिरत होतं, कुणाच्या लक्षात आलं नाही.

मजुरांचा कंत्राटदार बळवंत लोणारे याला मात्र सगळं माहीत होतं. सुनावणी संपली त्या दिवशी केंद्राच्या आवारात त्याच्या चार माणसांनी जुनघरेंना गाडीतून ओढून काढलं. दोघांनी त्यांचा उजवा हात बॉनेटवर आडवा धरला आणि तिसऱ्याने त्यावर लोखंडी गज घातला. हाड मोडल्याचा आवाज प्रमिलाने पायऱ्यांवरून ऐकला. ती धावली, ओरडली. गज धरणाऱ्याने पुन्हा घाव घातला आणि मगच ते निघून गेले. त्यांना दुपारची सुई टोचलेली नव्हती. ते सावलीत उभे होते आणि आपण काय करतोय ते त्यांना पूर्ण ठाऊक होतं.

लोणारे पानाच्या ठेल्याला टेकून उभा होता. "बाई," तो म्हणाला, "तुमचे मालक आमच्या दुपारपाळीत आहेत ना? पंचायतीला ठाऊक नाही वाटते."

प्रमिलाने गळ्याची ओढणी घट्ट केली.

"मी काहून सांगीन? आपल्या पोटाचं तुम्हाला कळते. उद्या फक्त बरोबर ठिकाणी हात वर करा."

"आणि नाही केला तर?"

"गजाननले आम्ही कधी सावलीत बसवलं नाही," लोणारे म्हणाला. "पुढंही नाही बसवणार."

मतदानाच्या दिवशी लोणारेने आठ-दहा ट्रक भरून मजूर केंद्राच्या फाटकावर आणले. सगळे सुई घेतलेले. हातात फलक, तोंडी घोषणा, सुई आमचा हक्क आहे. त्यांतल्या पुष्कळांना ते मनापासून वाटत होतं. पंच आत बसले. सूर्य माथ्यावर आला. बाहेर डांबर मऊ झालं होतं आणि माणसं त्यावर उभीच होती, कारण त्यांना ऊन लागत नव्हतं.

प्लॅस्टरमधला हात गळ्यात अडकवून जुनघरे खिडकीशी गेले. घोषणा थांबल्या होत्या.

"यांना सावलीत घ्या," ते म्हणाले. "आत्ता. पाणी मारा यांच्यावर."

अध्यक्ष मोहरीलसाहेबांनी पोलीस निरीक्षकाला बोलावलं. निरीक्षकाने ट्रकच्या टपावर भोंगा घेऊन उभ्या असलेल्या लोणारेला खालून विचारलं. लोणारे हसला. "दोन तास झाले, एक तरी माणूस चक्कर येऊन पडला का? हेच तर दाखवायचं आहे साहेबांना."

त्याचं वाक्य संपलं आणि पुढच्या रांगेतल्या एका मजुराने हवालदाराच्या हातातली काठी काढून घेतली आणि त्याच्या तोंडावर मारली. ओरडणं कुठेच नव्हतं. ते पाहणाऱ्यांना पुढे किती तरी दिवस तीच गोष्ट छळत राहिली. शेकडो माणसं एकमेकांवर तुटून पडली आणि आवाज फक्त माराचा येत होता. फलकांचे दांडे मोडले, मोडक्या दांड्यांची टोकं पोटांत गेली. एकाने दुसऱ्याचं डोकं फाटकाच्या गजांवर आपटलं, पुन्हा पुन्हा, त्याच लयीत. निरीक्षकाने हवेत गोळी झाडली. कुणी वळूनही पाहिलं नाही.

लोणारेला त्यांनी टपावरून पायाला धरून खाली ओढलं. तो भोंग्यातूनच नावं घेऊन विनवण्या करत होता. प्रमिलाने खिडकीतून पाहिलं, त्याच्या छातीवर गजानन बसला होता. हातात रस्त्याच्या कडेचा दगड होता. भोंग्यातून अजून आवाज येत होता, मग तो बंद झाला. दगड वर-खाली होतच राहिला.

ती जिना उतरून धावत सुटली. उन्हाळ्यात रस्त्यांवर पाणी मारायला आणलेला अग्निशमनाचा बंब आवारातच उभा होता. त्याचा माणूस काचा वर करून आत दडला होता. प्रमिलाने दार उघडून त्याची कॉलर धरली.

"पाणी सोड."

"ऑर्डर नाही बाई."

"मी देते ऑर्डर. पंच आहे मी."

तो उतरला. दोघांनी मिळून पाइप ओढला. पहिल्या फवाऱ्याने फाटकाजवळची रांग आडवी झाली. प्रमिलाने धार डोक्यांवर धरली, फक्त डोक्यांवर. एक माणूस तिच्या अंगावर धावून आला, त्याने दांड्याने तिच्या खांद्याचं हाड मोडलं. तिने पाइप सोडला नाही. बंब रिकामा होत आला तेव्हा माणसं जिथल्या तिथे खाली बसायला लागली. आपले हात पाहू लागली. मग आवाज सुरू झाला. आधी एकाने हंबरडा फोडला, मग सगळ्यांनी.

गजानन लोणारेच्या बाजूला बसला होता. त्याने दगड हळूच खाली ठेवला. प्रमिला जवळ आली तर म्हणाला, "दूर राय. अजून अंग तापलं आहे."

अकरा प्रेतं उचलली गेली. त्यांत तो हवालदार होता, लोणारे होता, बाकी मजूर. संध्याकाळपर्यंत सरकारने घोषणा केली की अडाणी माणसांच्या हाती विज्ञान दिल्याचं हे फळ आहे, पंचायती बरखास्त होतील, पुढच्या महिन्यापासून निधी पुन्हा तज्ज्ञांची समिती वाटेल. चालू प्रकरण तेवढं या पंचांनी संपवायचं होतं.

ते पुन्हा जमले तेव्हा प्रमिला हात झोळीत घालून उभी राहिली. तिने ओढणी सोडून गळ्यावरचे डाग दाखवले आणि गजाननचं नाव सांगितलं.

मोहरीलसाहेबांनी समोरचे कागद मिटले. "हे आधीच सांगायला हवं होतं, नन्नावरेबाई. तुम्हाला मत देता येणार नाही. तुमच्यावर कारवाईही होईल."

"होऊ द्या. पण साहेब, ज्याच्या घरात सुई नाही त्यानेच सुईचं ठरवायचं. शास्त्रज्ञाने नाही, कारण त्याला पैसा हवा. मजुराने नाही, कारण त्याला मजुरी हवी. म्हणजे ज्याचं काहीच जाणार नाही, तोच बरोबर ठरवणार? मरणाऱ्याला एकदा विचाराल तरी."

"कायद्यात तशी सोय नाही."

यावर पंच नसरीन शेख बोलल्या. बल्लारपूरला त्यांचं औषधांचं दुकान होतं आणि इतके दिवस त्या फारशा बोलल्या नव्हत्या. "मत आम्हीच देऊ, साहेब. पण ते कुणाला विचारून द्यायचं, हे कायद्यात कुठे आहे? मी इस्पितळाच्या वॉर्डात जाऊन मजुरांना विचारणार. ते सांगतील तसा माझा हात."

बाकीचेही एकेक करून उठले.

सुई घेतलेल्या मजुरांना इस्पितळाच्या थंड वॉर्डात ठेवलं होतं. दाराशी बंदूकधारी पोलीस होते. धनराज बावणेला तुरुंगातून आणलं होतं, त्याच्या आणि गजाननच्या हातांत बेड्या होत्या. दोन्ही डॉक्टर बोलले. हर्डीकरबाईंचा आवाज बसला होता.

"मी त्या दिवशी खिडकीशी होते," त्या म्हणाल्या. "जुनघरे बरोबर असतील. तरीही सुई थांबवा असं मी म्हणणार नाही. मी सुई थांबवली तर पुढच्या वैशाखात कोण कोण मरेल, हे मला दिसतं. हेही तुम्हाला सांगायला हवं."

त्या पहिल्यांदाच मजुरांकडे पाहून बोलत होत्या.

दुपारभर वाद झाला. सुखदेवची बायको दारात येऊन उभी राहिली, तिला कुणी अडवलं नाही. "माझ्या माणसाले सुईनं मारलं," ती म्हणाली. "माझ्या भावाले ऊन मारून गेलं. मी कोणाले हात वर करू?"

मग हात वर झाले. सुई चालू ठेवा म्हणणाऱ्यांत गजाननचे बेडी घातलेले दोन्ही हात होते. तो प्रमिलाकडे पाहत होता, नजर न चुकवता. जुनघरेंच्या बाजूचे हात थोडे जास्त भरले. पंचांनी तिथेच सह्या केल्या.

"कोणाच्या तरी मेंदूचा आलेख उष्णतेत घ्यावा लागेल," जुनघरे खाली पाहत म्हणाले. "अंगात सुई असतानाच. नाहीतर काही सिद्ध होणार नाही. धोका आहे. मी कुणाला आग्रह करणार नाही."

"मले घ्या," गजानन म्हणाला.

"तुम्ही तर विरोधात होता."

"होतो. हरलो. आता दोन वर्षं म्हणता तर वाया घालवू नोका. लोणारेले मी कसा मारला ते माझ्या डोक्यात आहे, काढून घ्या."

कोर्टाची परवानगी आली. केंद्रात काचेची एक खोली होती, तिच्यात हवी तेवढी उष्णता करता यायची. गजाननला लाकडी खुर्चीत बसवून चामड्याच्या पट्ट्यांनी बांधलं. डोक्यावर तारांची टोपी चढवली. आत जाण्यापूर्वी त्याने प्रमिलाला सांगितलं, "मी काय पण बोललो, काय पण केलं, तरी यंत्रात नीट उमटल्याबगर थांबवू देऊ नोको."

काचेबाहेर जुनघरे, हर्डीकरबाई आणि प्रमिला. उष्णता वाढवली. बराच वेळ गजानन इकडचं तिकडचं बोलत होता, बहिणीच्या लग्नाचं, वसंताचं. हळूहळू बोलणं तुटलं. मग त्याचा चेहरा निवला. प्रमिलाने तो निवलेपणा ओळखला. पडद्यावर रेषा धावत होत्या. कपाळाजवळची एक रेषा खाली खाली येऊन जवळजवळ सपाट झाली.

"हेच," हर्डीकरबाई पुटपुटल्या.

गजाननने मान वळवून काचेतून प्रमिलाकडे पाहिलं आणि पट्टे ओढायला सुरुवात केली. मनगटांची कातडी सोलली, रक्त खुर्चीच्या हातावरून ओघळलं. खुर्ची जमिनीवरून उचलली जाऊन धाडकन आदळली. तो एकटक तिच्याकडे पाहत होता आणि एक शब्दही बोलत नव्हता.

"पुरे," जुनघरे म्हणाले आणि थंड हवेच्या कळीकडे त्यांनी डावा हात नेला. "यांचा हात तुटेल."

"नीट उमटलं का?" प्रमिलाने विचारलं.

"अजून अर्धं मिनिट मिळालं असतं तर..."

तिने त्यांचा हात धरला. काचेपलीकडे खुर्ची पुन्हा उचलली गेली, पुन्हा आदळली. तिने डोळे मिटले नाहीत.

"मग थांबा," ती म्हणाली.